पाच छोटे ग्लास आणि तीन अबकारी खाती

चांगल्या बिअरच्या बाबतीत बेळगावचा माणूस नशीबवानही आहे आणि अडकलेलाही. हायवेनं वर गेलं की पुणं, खाली गेलं की बंगळूर, चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्या देशात क्राफ्ट बिअर जिथं जोरात रुजली, त्यातली ही तीन ठिकाणं. पुण्यात २००९ साली दूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारं ठिकाण, सुरू झाली, पुढच्याच वर्षी बंगळूरच्या इंदिरानगरात टॉइट उघडलं, आणि गोव्यात आता साध्या जेवणाच्या ठिकाणीही मेनूकार्डावर पेल एल वेगळी आणि विटबिअर वेगळी लिहिलेली दिसते. आम्ही बरोबर मधे. पण तीन ठिकाणं म्हणजे तीन राज्यं, आणि तीन राज्यं म्हणजे तीन अबकारी खाती. गोव्यातली बाटली परवान्याशिवाय कणकुंबीच्या वर आणायची नाही. पुण्याहून येताना तोच प्रश्न कोगनोळीला. बंगळूर आपल्याच राज्यात, पण पाचशे किलोमीटर. आणि मायक्रोब्रुअरीतली न गाळलेली ताजी बिअर डिकीत बसून दिवसभर उन्हात प्रवास करायला जन्मलेलीच नसते. तेव्हा प्यायची ती तिथंच जाऊन आणि मुक्काम करून. घाटात गाडी मारायची असेल त्या दिवशी घोटभरसुद्धा नाही.

मग तुलना करायची कशी? पुण्यातली गव्हाची बिअर आणि गोव्यातली गव्हाची बिअर एका टेबलावर शेजारी ठेवणं आम्हाला शक्य नाही. एक आत्ता प्यायची, दुसरी काही महिन्यांनी, आणि मधल्या काळात पहिलीची चव जिभेवर नाही तर डोक्यात सांभाळायची. मला वाटतं, या सक्तीच्या पाठांतरामुळंच मला बिअर कळायला लागली. महानगरात राहून दर शनिवारी नव्या नळाची बिअर पिणाऱ्याला हे पाठांतर करावं लागत नाही, म्हणून त्याच्या बोलण्यात 'मस्त' आणि 'बकवास' हे दोनच शब्द येतात. (आमच्या नात्यातली पोरं वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.)

आमच्या पिढीला बिअरचे दोनच प्रकार माहीत होते: माइल्ड आणि स्ट्राँग. दोन्ही लागरच, म्हणजे गार टाकीत सावकाश आंबवलेल्या, फरक अल्कोहोलचा. स्ट्राँग म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत. सातूबरोबर तांदूळ, मका किंवा सरळ साखर घालून ती तयार होते. त्यानं अंग हलकं राहतं, खर्च कमी होतो आणि यीस्टला खायला भरपूर मिळतं. उसाच्या जिल्ह्यात राहून साखरेला नावं ठेवू नयेत, पण त्या बिअरचा उद्देश चव हा नव्हता एवढं खरं. आम्ही ती शक्य तितकी गार करून, म्हणजे चव लागणारच नाही अशा बेतानं प्यायचो. प्यायच्या आधी एक विधीही असायचा. बाटली उलटी करून तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवायचं, म्हणजे 'ग्लिसरीन' खाली उतरतं. बाटलीतून पाण्यात काहीतरी दाट, तेलकट उतरताना दिसायचंही, आणि आम्ही गंभीर चेहऱ्यानं बघत बसायचो. खरं तर तिथं जड बिअर खाली आणि हलकं पाणी वर एवढीच अदलाबदल चाललेली असते. ग्लिसरॉल यीस्ट स्वतःच थोडंफार तयार करतं. ते कुठल्याही बिअरमध्ये असतं आणि असं वेगळं काढता येत नाही. पण अख्ख्या देशानं हा विधी वर्षानुवर्षं केला, तर आम्हीच का मागं राहू?

त्याआधीच्या पिढीचं तर आणखी वेगळं. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, आणि तिथं १९४९ चा दारूबंदी कायदा. त्याच वेळी घाटाखाली पोर्तुगीजांचा अंमल आणि काजूचे बागाईतदार. आजोबा सांगायचे, चैत्र-वैशाखात हुर्राक आणि फेणी, म्हणजे काजूची दारू, पायवाटांनी वर यायची, आणि पोलिसापेक्षा गव्याची भीती जास्त असायची. सीमाभागात दारू आणि कायदा यांचं नातं असं जुनं आहे. हद्दी बदलल्या, झेंडे बदलले, चेकपोस्टची खोली मात्र कुठं ना कुठं राहिलीच.

बिअरचे प्रकार असतात, आणि ते एकमेकांचे वरचे-खालचे नसून वेगवेगळे असतात, हे मला बंगळूरला पुतणीनं दाखवलं. ती तिथं आयटीत आहे. मी आणि उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीतला माझा भागीदार मशिनरीच्या प्रदर्शनाला गेलो होतो, आणि संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना एका मायक्रोब्रुअरीत नेलं. काचेपलीकडं तांब्याच्या रंगाची किटली, स्टीलच्या शंकूच्या बुडाच्या टाक्या, प्रत्येकीवर तापमानाचा आकडा. भागीदार प्यायच्या आधी वेल्डिंग बघायला गेला. मग लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास आले, फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं. "काका, डावीकडून सुरू करायचं. कडू शेवटी. आधी कडू प्यालात तर पुढचं काही कळणार नाही."

दुसऱ्या ग्लासावर भागीदार थांबला. तो खानापूर भागातला. शहरात तीस वर्षं राहूनही बोलणं तेच. "ह्यात केळं घातल्यात काय गा?"

केळं घातलेलं नव्हतं, लवंगही नव्हती, पण दोन्हींचा वास येत होता. ती जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर होती, हेफवायझेन. तो वास धान्याचा नसून यीस्टचा. त्या जातीचं यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. पिकलेल्या केळ्यात वास देणारं द्रव्य तेच. लवंगेची छटा दुसऱ्या एका द्रव्याची. आंबवण्याची टाकी थोडी गरम ठेवली की केळं पुढं येतं, गार ठेवली की लवंग. मला हे ऐकून जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं अवघड आहे. आयुष्यभर आम्ही ओतकामात हेच केलं: धातू तोच, साचा तोच, तापमान वीस अंशांनी हललं की माल वेगळा. इथं तर दोन-चार अंशांत अख्खा स्वभाव बदलतो. आमच्या घरी दोशाचं पीठ मे महिन्यात चार-पाच तासांत फसफसतं आणि डिसेंबरात सकाळपर्यंत हलत नाही, आणि दोन्हींचा आंबटपणा निराळा. एल आणि लागर यांतला मूळ फरक याच जातीचा आहे. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांत काम करतं, भराभरा करतं, आणि जाता जाता फळांचे, मसाल्यांचे वास मागं ठेवतं. लागरचं यीस्ट ७ ते १३ अंशांत सावकाश चालतं, मग बिअर शून्याजवळ कित्येक आठवडे निवांत पडून राहते आणि वास जवळजवळ काहीच उरत नाही. उरतं ते धान्य, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) आणि स्वच्छपणा.

१५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात बिअरचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यात फक्त सातू, पाणी आणि हॉप्स चालतील असं लिहिलं. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण ते असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शुद्ध यीस्टची एकच पेशी वेगळी काढून वाढवण्याचं काम कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेन यांनी केलं ते १८८३ मध्ये. म्हणजे साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ माणसं न दिसणाऱ्या कामगाराच्या भरवशावर कारखाना चालवत होती. भागीदाराला हे फार आवडलं. तो म्हणाला, आमच्याकडं दिसणारे कामगारही भरवशाचे नाहीत.

त्या फळीवरच्या बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पिल्सनर छान होती, खणखणीत. आम्ही जन्मभर पीत आलो त्या लागरची ही मूळ मालकीण. १८४२ साली योझेफ ग्रोल या बव्हेरियन माणसानं बोहेमियातल्या पिल्सेन गावात ती पहिल्यांदा केली. लाल रंगाची एक एल होती, ती मला अजूनही आठवत नाही, आणि ज्याची आठवण राहत नाही त्यावर लिहू नये. शेवटचे दोन ग्लास मात्र महत्त्वाचे: स्टाउट आणि इंडिया पेल एल.

इंडिया पेल एल तोंडात घेतल्यावर भागीदारानं ग्लास खाली ठेवला. "काढा हाय हा. ताप आला की देतेत तसला."

कडूपणाबद्दल त्याचं चूक नाही. हॉप्समधली आम्लं उकळताना बदलतात आणि कडूपणा देतात. जितका वेळ उकळी तितकं कडू. शेवटी-शेवटी टाकलेले हॉप्स कडूपणा कमी आणि वास जास्त देतात: संत्र्याची साल, आंबा, पाईनचं लाकूड. चांगल्या इंडिया पेल एलमध्ये आधी वास यावा आणि कडूपणा नंतर, घोट गिळल्यावर, स्वच्छ यावा. तो जिभेवर चिकटून बसला तर करणाऱ्याचा हात चुकला असं मी समजतो.

पण या बिअरच्या नावातला 'इंडिया' मला गप्प बसू देईना. प्रचलित गोष्ट अशी की लंडनच्या हॉजसननं हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांसाठी मुद्दाम ही बिअर शोधून काढली. तसं झालेलं नाही. फिकट, हॉप्सनं भरलेली बिअर इंग्लंडात आधीपासून होती. जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी बो भागात, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होती, आणि तो कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. धंद्याचं गुपित हे. जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी इथं पोचायचं, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. तेवढ्या हेलकाव्यांत आणि उष्म्यात पिंपातली बिअर मुरायची. हॉप्स जंतूंना अटकाव करतात म्हणून टिकायची. पुढं १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉपसारख्या ब्रुअरींनी हा बाजार हॉजसनच्या हातून काढून घेतला. पाणी त्यांच्या पथ्यावर पडलं, कारण बर्टनच्या विहिरींचं जिप्समयुक्त पाणी हॉप्सचा कडूपणा जास्त धारदार करतं.

आता आमच्याकडं या. बेळगावचा किल्ला इंग्रजांनी १८१८ मध्ये घेतला आणि कॅम्प वसला. कॅम्पाचा विलायती माल उतरायचा वेंगुर्ल्याच्या बंदरात आणि बैलांच्या पाठीवर, गाड्यांवर रामघाटानं वर यायचा. आजही आमच्या गावात रामघाट रोड आहे. रोज त्यावरून माणसं हिंडलग्याकडं, गणेशपूरकडं जातात. त्या मालात बिअरची पिंपं असणारच, कारण छावणी आहे आणि बिअर नाही असं इंग्रज राज्यात झालं नाही. एक गंमत मात्र या नावामागं दडून जाते: पेल एल साहेबांची. साध्या गोऱ्या शिपायाला मिळायची ती पोर्टर, काळी, भाजलेल्या धान्याची, आजच्या स्टाउटची थोरली बहीण. प्रमाण बघितलं तर शिपायांची पोर्टरच हिंदुस्थानात प्रचंड आली, पण नाव अजरामर झालं साहेबाच्या ग्लासाचं. कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांवरून जाताना मला व्हरांड्यातला साहेब दिसत नाही. बराकीत मे महिन्याच्या दुपारी कोमट काळी पोर्टर पिणारा, घामानं निथळणारा कुणीतरी विशीतला पोरगा दिसतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. पिल्सेनचं पाणी अगदी मऊ, म्हणून तिथं फिकट, नाजूक लागर जमली. डब्लिनचं पाणी जड, त्याला भाजलेल्या सातूचा आंबूसपणा मानवला, म्हणून तिथं स्टाउट. म्हणजे ज्यांना आपण आज 'स्टाइल' म्हणून मेनूकार्डावर एका ओळीत बघतो, ती मुळात गावोगावच्या विहिरींची सक्ती होती. आता ब्रुअर पाणी आरओमधून काढून कोरं करतात आणि हव्या त्या गावाचे क्षार त्यात मोजून घालतात. हे सोयीचं आहे, आणि मला थोडं वाईटही वाटतं. आमच्या जिल्ह्यात तर दोन पाणी आहेत. पश्चिमेला जांभ्या दगडातून झिरपलेलं, डाळ पटकन शिजवणारं. आणि अथणीकडं काळ्या मातीतलं, ज्यात आमच्या मावशीची डाळ चार शिट्ट्या जास्त मागते. एकाच जिल्ह्यात पिल्सनरचं पाणीही आहे आणि स्टाउटचंही, असं मी म्हणतो. भागीदार म्हणतो, आधी नळाला पाणी रोज येऊ दे.

तर तुलना. मी फौंड्रीतलं एक कोरं लॉगबुक यासाठी घेतलं. रकाने आपोआप पडले: ठिकाण, प्रकार, किती गार होती, सोबत काय खाल्लं, हवा कशी होती. हे शेवटचे दोन रकाने सुरुवातीला उगाच वाटायचे. आता तेच मी आधी वाचतो. कारण वही उघडून बघितली तर लक्षात येतं की गोव्यात मेमध्ये प्यालेली विटबिअर मी स्वर्गीय लिहिली आहे, आणि तीच, त्याच नळाची, पावसाळ्यात 'पातळ' म्हणून लिहिली आहे. बिअर बदलली असेल किंवा नसेल. मी तर नक्कीच बदललो होतो, निदान माझा घाम तरी.

म्हणून ब्रुअऱ्यांची तुलना मी सोडून दिली. या तिघांत श्रेष्ठ कोण, असं विचारणाऱ्याला माझ्याकडं उत्तर नाही. प्रकारांची तुलना मात्र डोक्यात टिकते. उदाहरणार्थ गव्हाच्याच दोन बिअर. जर्मन हेफवायझेनमध्ये बाहेरचं काहीही नसतं, सगळा मसाला यीस्टचा. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची वाळलेली साल खरोखर घालतात, आणि गहू बराचसा मोड न आणलेला, कच्चा असतो, म्हणून ती दुधट दिसते. हा प्रकार बेल्जियमच्या हूगार्डन गावात बंदच पडला होता. पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६६ मध्ये तो पुन्हा उभा केला. आपल्याकडं आज जी 'व्हाइट' म्हणून टिनमधून दुकानोदुकानी मिळते ती याच घराण्यातली. धण्यांमुळं आपल्या जिभेला ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटते, आणि तिथंच तिचा धोका आहे: धणे आणि साल वाढवत नेली की खालची बिअर कच्ची असली तरी कळत नाही. हेफवायझेनला असं लपायला जागा नाही. मला दोन्हींत निवड करायला लावली तर हेफवायझेन, आणि तीही केळं कमी, लवंग जास्त असलेली.

गढूळ, आंब्याच्या रसासारख्या दिसणाऱ्या ज्या इंडिया पेल एल हल्ली निघाल्यात, त्या मला फारशा पटत नाहीत. पहिला ग्लास अद्भुत, दुसरा नको. शिवाय त्यांचा सगळा प्राण हॉप्सच्या वासात आणि तो वास सगळ्यात आधी उडतो. टिनवरची तारीख बघितल्याशिवाय अशी बिअर घेऊ नये. आमच्या बाजूला एका दुकानात मी एकदा तारीख विचारली तर काउंटरवरचा म्हणाला, "दारू कवा खराब होते काय ओ साहेब?" स्कॉचबद्दल ते ठीक आहे. हॉप्सची बिअर ही पालेभाजी आहे.

खाण्याच्या रकान्यात माझ्या दोन नोंदी अशा आहेत ज्यांवर मी कुणाशीही भांडेन. एक, मिरची भजी आणि इंडिया पेल एल एकत्र घेऊ नका. कडूपणा आणि अल्कोहोल मिळून तिखटाला पेटवतात. बंगळूरला भागीदारानं हट्टानं करून बघितलं आणि मग गप्प बसला, जे फौंड्रीत कधी घडत नाही. मिरची भजीला, गिरमिटाला (आमच्याकडची चुरमुऱ्यांची भेळ) गव्हाची बिअर हवी: गोलसर, थोडी गोड, बुडबुड्यांनी भरलेली. दोन, स्टाउटबरोबर कुंदा. यावर लोक हसतात. पण कुंदा म्हणजे दूध-साखर आटवत, परतत, तपकिरी होईपर्यंत भाजलेली. स्टाउटचं सातूही तसंच जवळजवळ जळेपर्यंत भाजलेलं. दोन्हींत करपण्याच्या अलीकडची तीच चव आहे. कुंदा गोड जास्त, स्टाउट कडवट. एकमेकांचं जास्तीचं ते कापून घेतात. पुतणीसाठी नेलेल्या डब्यातला कुंदा आम्ही तिच्या घरी टिनमधल्या स्टाउटबरोबर खाल्ला, आणि फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवून मगच, कारण स्टाउट दहा-बारा अंशांवरच बोलायला लागते. बर्फगार असली तर ती नुसतं काळं पाणी. हे सांगून सांगून मी थकलो. आमच्याकडं वेटरला 'कमी गार' मागितली तर तो मालकाला बोलावतो.

पुण्यात एकदा कोकम घातलेली आंबट बिअर प्यालो. गोझ हा तो जुना जर्मन प्रकार: गोस्लार गावचा, पुढं लाइपझिशमध्ये नावारूपाला आलेला. गहू, धणे, आणि चक्क मीठ. आंबटपणा दह्यातल्यासारख्या जीवाणूंचा. त्यात कोकम घातल्यावर जे झालं ते ओळखायला मला वहीची गरज पडली नाही. खानापूरच्या जंगलपट्टीत आणि घाटाखाली कोकमाची झाडं आहेत, येळ्ळूरचा वासाचा तांदूळ आहे, पाणी दोन तऱ्हेचं आहे. उद्या इथं कुणी परवाना काढून ब्रुअरी घातलीच, तर त्यानं पहिल्याच महिन्यात आणखी एक इंडिया पेल एल करू नये एवढं माझं मागणं आहे. कोकमाची गोझ करावी, आणि येळ्ळूरच्या तांदळाची एक लागर करावी, ज्यात तांदूळ खर्च वाचवायला नाही तर वासासाठी घातलाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमची हवा लागरला निम्मी फुकट मदत करील, विजेचं बिल वाचेल.

मी हे सगळं फौंड्रीत दुपारच्या चहाला भागीदारासमोर मांडलं, भट्टीच्या खर्चासकट. त्यानं नीट ऐकून घेतलं, दोन आकडे दुरुस्त केले आणि म्हणाला, "समदं खरं. एक टाकी स्ट्राँगची ठेव म्हणजे झालं."